गुरुजी वारल्याची नोंद

१

गुरुजी वारले हे संचालकांना कळलं, तेव्हा गुरुजी काचेपलीकडच्या हॉलमध्ये आपल्या कोपऱ्यात बसून पेन्सिलीला टोक काढत होते.

फोन एका वार्षिक कोशाच्या संपादकांचा होता. भाषेच्या क्षेत्रातली जी माणसं वर्षभरात गेली, त्यांच्यासाठी त्या कोशात दोन पानं राखलेली असतात. मजकूर तयार होता, फक्त गुरुजींचा फोटो मिळत नव्हता. तो जरा पाठवाल का, असं संपादक अगदी हळू आवाजात विचारत होते.

"मी काचेतून बाहेर बघितलं," संचालक मला म्हणाले. "गुरुजींनी पेन्सिलीवर फुंकर मारली. मग मी फोन ठेवला आणि दोन ग्लास पाणी प्यायलो."

ही सोमवारची गोष्ट. मंगळवारी सकाळी त्यांनी मला बोलावून घेतलं. मी पोलीस नाही की वकील नाही. पस्तीस वर्षं मी पुस्तकांच्या शेवटी येणाऱ्या सूची तयार केल्या. कोणता शब्द कोणत्या पानावर आहे, एवढंच ते काम. त्यात डोळे अधू होतात आणि स्वभाव खवचट होतो. आमची प्रकाशनसंस्था बंद पडल्यापासून ओळखीपाळखीतले लोक मला चुका शोधायला बोलावतात. मी जाते, कारण घरी वाट बघणारं कोणी नाही आणि घरातल्या चुका मला पाठ झाल्या आहेत.

"संपादकांना ही माहिती कोणी दिली?" मी विचारलं.

"आम्हीच. म्हणजे आमच्या अधाशीने."

अधाशी हे त्या कॉम्प्युटरचं लाडाचं नाव. त्याचं खरं नाव दारावर चार ओळींत लिहिलं आहे, ते कोणी वाचत नाही. इंटरनेटवरचा मजकूर वाचत राहणं आणि त्यातून माहिती शिकणं हे त्याचं काम. अमुक एक नदी आहे, तमुक हा तिच्याकाठचा गाव, अमकी ही तमक्याची बहीण. रात्र नाही, सुट्टी नाही, नुसता वाचत सुटलेला. किती पानं वाचून झाली तो आकडा हॉलच्या भिंतीवर सारखा पळत असतो. अधाशी काही नवं शिकला की ती आधी कच्ची नोंद असते. चार वेगवेगळ्या पानांनी तीच गोष्ट सांगितली तर ती आपोआप पक्की होते. चार पानं मिळाली नाहीत, तर ती तपासनीसाच्या पडद्यावर येते आणि तपासनीस 'खरं' किंवा 'खोटं' यांपैकी एक बटण दाबतो. पक्की झालेली नोंद बाहेरचे लोक डोळे मिटून घेतात. त्या कोशवाल्यांनीही तशीच घेतली होती.

"गुरुजींच्या नोंदीवर 'खरं' दाबलंय," संचालक म्हणाले. "धाकटीच्या कॉम्प्युटरवरून. शुक्रवारी मी तिला काढतोय. तोपर्यंत तुमचं काही निराळं म्हणणं असलं तर सांगा. आणि एक, गुरुजींना यातलं काही कळता कामा नये. या वयात माणसाला धक्का बसतो."

"ही नोंद पक्की होऊन किती दिवस झाले?"

त्यांनी कागद बघितला. "एक्केचाळीस."

"आणि गुरुजी रोज ऑफिसला येतात?"

"रोज. एकही रजा नाही."

२

ऑफिसात माणसं चार. संचालक, अधाशीची देखभाल करणारा तंत्रज्ञ, आणि दोन तपासनीस. गुरुजी एका शाळेतून निवृत्त होऊन इथे आलेले. धाकटी ही दुसरी, दोन वर्षांपूर्वी लागलेली. वयाने लहान म्हणून धाकटी, आणि ते नाव तिने कधी नाकारलं नाही.

ती मला जिन्यावर भेटली. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधल्या वळणावर एक रुंद पायरी आहे, तिथे बसून ती रोज डबा खाते.

"हॉलमध्ये का नाही खात?"

"गुरुजी तिथे खातात. त्यांना बोलायला आवडत नाही, म्हणून मी इकडे येते." तिने डब्याचं झाकण हातातल्या हातात फिरवलं. "ताई, मी नाही दाबलं ते बटण. त्या दिवशी ती नोंद माझ्यासमोर आली. गुरुजी समोर बसलेत आणि पडद्यावर लिहिलंय की ते गेले. आता 'तुम्ही वारलात का' असं कुणाला कसं विचारायचं?"

"मग काय केलंस?"

"काहीच नाही. नोंद तशीच उघडी ठेवली आणि जेवायला आले. परत गेले तर पुढची नोंद लागलेली होती. वाटलं, अधाशीनेच काढून घेतली असेल. बरंच झालं म्हटलं."

"टेबल सोडताना कॉम्प्युटर बंद करत नाहीस?"

"कोणीच करत नाही. परत सुरू व्हायला अकरा मिनिटं लागतात."

"आणखी काही बदललेलं दिसलं?"

तिने विचार केला. "माझ्याजवळची खिडकी लावलेली होती. पण वारा असला की ती कोणीतरी लावतंच."

ती भावाचं घर सोडून या शहरात आली होती. परत गेली तर भाऊ दार उघडेल, पण वहिनीच्या चेहऱ्यावर काय दिसेल ते तिला आत्तापासून माहीत होतं. "मला तिथे जायचं नाही," एवढंच ती म्हणाली. रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

बटण दाबलं गेलं तेव्हा दुपारचे एक वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. त्या वेळी कोण कुठे होतं ते मी विचारत फिरले. संचालक आपल्या खोलीत दार लावून जेवत होते. तंत्रज्ञ खाली मशीनच्या खोलीत पंख्यांच्या घरघरीत जेवत होता. धाकटी जिन्यावर होती. कोणी कोणाला बघितलं नव्हतं. चार माणसांचं ऑफिस आणि रोज चार ठिकाणी चार डबे उघडतात, त्यामुळे कोणासाठीही साक्ष द्यायला कोणी नव्हतं. मला हसू आलं आणि लगेच गेलं, कारण माझाही डबा मी पाच वर्षं स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभ्याने खाते आहे.

संध्याकाळी निघताना तंत्रज्ञाने मला जिन्यात गाठलं. "उगीच खपताय तुम्ही," तो म्हणाला. "एका अर्थी झालं ते छानच झालं."

३

बुधवारी सकाळी मी त्याच्या खोलीत जाऊन बसले. खोली थंडगार होती आणि तो घरून आणलेला स्वेटर घालून बसला होता.

"काय छान झालं ते सांगा."

"मी तीन वर्षं सांगतोय की माणसांची तपासणी बंद करा. अधाशीला स्वतःचं स्वतः ठरवू द्या. एक पान चुकेल, दोन चुकतील, पण लाखभर पानं वाचली की खरं वर येतंच. चुका माणूस करतो. आता झालं ना सिद्ध? एकाच पानावरची गोष्ट होती. माणसाने बटण दाबलं नसतं तर ती आजही कच्चीच राहिली असती."

"म्हणजे ही चूक व्हावी असं तुम्हाला वाटत होतं."

"वाटत होतं. केली नाही." तो शांतपणे म्हणाला. "मला करायची असती तर मला धाकटीचं टेबल कशाला लागतं? मी इथे बसून काहीही पक्कं करू शकतो. कोणाच्या नावावर जाणारही नाही."

हे खरं होतं. मी त्याला मनातून खोडलं आणि जरा हिरमुसलेही, कारण गुन्हेगार म्हणून तो मला आवडला होता.

"गुरुजींशी तुमचं भांडण झालं होतं म्हणे."

"भांडण कसलं? मी त्यांना थांबायला सांगायचो, चर्चेला, चहाला. पण साडेपाच वाजले की हा माणूस छत्री घेऊन दारात. घरी बायको वाट बघते म्हणतात. पाच वर्षांत एकदासुद्धा सहा वाजलेले बघितले नाहीत त्यांनी ऑफिसात."

संचालकांनीही मला हेच सांगितलं होतं, धाकटीनेही. ती अधूनमधून काकूंची तब्येत विचारायची आणि बरी आहे असं उत्तर मिळायचं.

"ही नोंद स्वतः गुरुजींकडेच गेली असती तर?" मी विचारलं. "सगळा घोळच मिटला असता."

"जातच नाही. आमचा नियम आहे. स्वतःबद्दलची नोंद स्वतः तपासायची नाही. माणूस स्वतःबद्दल खरं बोलत नाही, म्हणून. नियम गुरुजींनीच घातलाय."

मी उठले आणि परत बसले. सूचीत चूक सहसा एकटी नसते. एक पानक्रमांक चुकला की त्याच्या मागेपुढे बघावं लागतं, तिथे चुकणाऱ्याचा हात दिसतो.

"त्या नोंदीच्या आजूबाजूला काय आहे? सगळं दाखवा. वेळा, पानं, जे असेल ते."

त्याने कंटाळून दोन-चार कळा दाबल्या आणि मग त्याची बोटं थांबली.

"हे मी बघितलंच नव्हतं," तो म्हणाला.

४

पडद्यावर दोन गोष्टी होत्या.

पहिली अशी की 'खरं' दाबण्याआधी ज्या पानावरून ती नोंद आली ते पान उघडलं गेलं होतं. तपासनीस असं पान वीस-पंचवीस सेकंद बघतो. हे पान एकोणीस मिनिटं उघडं होतं.

मीही ते उघडलं. एका शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी ते तयार केलं होतं. सहलीचे फोटो, वर्गाचे फोटो, आणि शेवटी 'आपल्यात नसलेले शिक्षक' अशी यादी. त्यात चौथं नाव गुरुजींचं होतं. कोणीतरी ऐकीव माहितीवर टाकलेलं असणार. खाली दोघांनी लिहिलं होतं. एकाने, "छान शिकवायचे." दुसऱ्याने, "हे कोणते? मला आठवत नाहीत."

बस, एवढंच. हे वाचायला एकोणीस मिनिटं कोणाला लागतील?

दुसरी गोष्ट अशी. माणूस गेल्याची नोंद पक्की झाली की अधाशी लगेच पुढचे प्रश्न विचारतो. कधी, कुठे, मागे कोण आहे. बहुतेक तपासनीस ते सोडून देतात. इथे मात्र उत्तरं भरलेली होती. मृत्यूची तारीख रिकामी. ठिकाण रिकामं. अपत्यं, नाहीत. पत्नी, निधन. पुढे पत्नीच्या निधनाची तारीखही होती, तीन वर्षांपूर्वीची, नऊ नोव्हेंबर.

"चुकलंय हे," तंत्रज्ञ म्हणाला. "त्यांची बायको आहे ना. परवाच ते—"

"परवा काय?"

"परवा म्हणाले, तिला उशीर झालेला चालत नाही."

एका नोंदीत दोन खोट्या गोष्टी. नवरा जिवंत असून मेला आणि बायकोही जिवंत असून मेली. म्हणजे दाबणाऱ्याला काडीची माहिती नव्हती आणि वर त्याने मनाने तारीख ठोकून दिली होती. असा निष्काळजीपणा कोण करेल? पण निष्काळजी माणूस एकोणीस मिनिटं एक पान वाचत बसत नाही. हे दोन तुकडे एकमेकांना बसत नव्हते.

मी गुरुजींचा पत्ता मागून घेतला. दुपारी ते ऑफिसात असताना त्यांच्या घरी जाऊन काकूंना भेटायचं ठरवलं.

५

जुनी पण स्वच्छ इमारत, दुसरा मजला. दाराला बाहेरून कुलूप होतं. दाराशी चपलांसाठी छोटी फळी, तिच्यावर एकच जोड, पुरुषाचा. मी उगाचच बेल वाजवली. आत ती वाजली आणि थांबली.

शेजारचं दार उघडलं. एक बाई ओले हात पुसत बाहेर आल्या.

"ते साडेपाचनंतर येतात," त्या म्हणाल्या.

"मला काकूंना भेटायचं होतं."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. "तुम्ही लांबच्या दिसता. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. नोव्हेंबरात गेल्या."

"नऊ तारखेला?"

"हो, नऊच. आमच्या मुलीचा वाढदिवस असतो दहाला, म्हणून लक्षात आहे. केक सांगितलेला होता, तो रद्द केला." त्यांनी कुलपाकडे बघितलं. "त्या दिवशी आम्ही दोघं होतो आणि ते. ऑफिसातलं कोणी येईल वाटलं होतं मला, पण त्यांनी कळवलंच नसावं. दुसऱ्या दिवशी सकाळी हे आपले छत्री घेऊन निघाले कामावर."

खाली उतरताना मी कठडा धरून उभी राहिले. नोंदीत दोन खोट्या गोष्टी नव्हत्याच. एक खोटी होती आणि एक खरी. जी खरी होती ती ऑफिसात तिघांपैकी कोणालाही माहीत नव्हती. जिला सगळं ऑफिस जिवंत समजत होतं ती बाई कोणत्या दिवशी गेली, हे धाकटीच्या टेबलाशी बसलेल्या माणसाला तारखेसकट माहीत होतं.

आणि दुपारी एक वाजता हॉलमध्ये कोण जेवतं हे मला पहिल्याच दिवशी जिन्यावर कळलं होतं. मी संचालकांना विचारलं, तंत्रज्ञाला विचारलं, धाकटीला विचारलं. ज्याच्याबद्दल हे सगळं होतं त्याच्या टेबलावरून दिवसातून दहादा गेले आणि एक अक्षर बोलले नाही. दुसऱ्यांच्या चुका काढत फिरणारी मी, तीच चूक करून बसले होते.

६

गुरुवारी एक वाजता मी माझा डबा घेऊन हॉलमध्ये गेले आणि गुरुजींच्या समोरची खुर्ची ओढली.

"बसू का?"

"बसा की." त्यांनी कागद बाजूला केले. त्यांच्या डब्यात दोन कप्पे होते, एक रिकामा.

"गुरुजी, तुम्ही वारलात का?"

पेन्सिल उचलून त्यांनी ती पुन्हा होती तिथेच ठेवली.

"त्रेचाळीस दिवस कोणी विचारलं नाही," ते म्हणाले. "आज चव्वेचाळिसावा. विचारलंत तुम्ही."

"खिडकी लावायला उठला होता?"

"वाऱ्याने कागद उडत होते. खिडकी लावली आणि वळलो तर पडद्यावर माझं नाव. उभ्या-उभ्याच वाचलं, मग बसलो. दोन ओळी होत्या खाली. त्या पोराला मी आठवतही नाही." ते हसल्यासारखं काहीतरी करून थांबले. "मला राग नाही आला. नुसतं वाटलं, बघू तरी. हा अधाशी दिवसाला लाखो पानं वाचतो. त्याने हे पक्कं केलं की कुठे ना कुठे कोणीतरी वाचेल. एखादा विद्यार्थी, एखादा जुना सहकारी. फोन करेल, 'अहो, हे काय ऐकतोय?' म्हणून. निदान या हॉलमध्ये तरी कोणी म्हणेल."

"आणि काकूंचं का लिहिलंत?"

"ते विचारलं ना त्याने. 'पत्नी?' म्हणून. तीन वर्षांत पहिल्यांदाच मला कोणीतरी सरळ विचारलं होतं. ऑफिसात सगळे विचारायचे ते तब्येत कशी आहे असं. पहिल्या वेळी तोंडून निघून गेलं, बरी आहे. मग दुसऱ्या वेळी काय सांगणार? साडेपाचला निघायची सवय होती, तीही राहिली. मी नियम मोडला. स्वतःची नोंद तपासली. काय व्हायची ती शिक्षा होऊ दे."

"शिक्षा तुम्हाला होत नाहीये," मी म्हणाले. "धाकटीला होतेय. उद्या काढणार आहेत तिला. बटण तिच्या टेबलावरून दाबलंय ना."

त्यांना खरंच माहीत नव्हतं, कारण त्यांना धक्का बसू नये याची आम्ही सगळ्यांनी चोख व्यवस्था केली होती. ते उठले. डबा उघडाच राहिला. काचेचं दार न ठोकता ते संचालकांच्या खोलीत शिरले. संचालकांचा घास तोंडाजवळच थांबला.

गुरुजींनी सगळं सांगितलं, बायकोचंसुद्धा. वर्गासमोर उभं राहून सांगावं तसं, कुठेही न अडखळता. शेवटी म्हणाले, "काढायचं तर मला काढा. त्या पोरीचा यात काही दोष नाही."

संचालकांनी घास डब्यात परत ठेवला.

"तुम्हाला कसं काढू?" ते म्हणाले. "आमच्या नोंदीप्रमाणे तुम्ही नाहीच आहात. आधी जिवंत तर करून घेऊ द्या."

ते हसायला गेले आणि त्यांना जमलं नाही. मग खाली मान घालून म्हणाले, "गुरुजी, आम्ही आलो असतो हो त्या दिवशी."

नोंद पक्की करणं सोपं; पक्की झालेली मात्र खालच्या खोलीतूनही काढता येत नाही. तंत्रज्ञाने सांगितलं की चार वेगवेगळ्या पानांनी उलट सांगितलं तरच अधाशी ऐकेल. मग आम्ही चौघं कामाला लागलो. संचालकांनी संस्थेच्या पानावर लिहिलं आणि कोशवाल्यांना फोन केला. तंत्रज्ञाने स्वतःच्या पानावर लिहिलं, माणसांची तपासणी का हवी यावर, आणि ते लिहिताना तो लाल झाला होता. माझं स्वतःचं कुठे पानच नव्हतं, म्हणून मी एका जुन्या लेखकाच्या पानाखाली लिहिलं की गुरुजींना मी गुरुवारी दुपारी जेवताना बघितलं. धाकटीने त्या विद्यार्थ्यांच्या पानावर लिहिलं, "हे आहेत. माझ्या शेजारी बसले आहेत. ज्यांना आठवत नाहीत त्यांनी येऊन भेटावं."

साडेचारच्या सुमाराला नोंद पालटली. आणि अधाशीने त्याच्या पद्धतीप्रमाणे लगेच विचारलं, पत्नीच्या निधनाची नोंद कायम ठेवायची का?

बटणावरचं बोट धाकटीचं होतं. तिने मागे वळून गुरुजींकडे बघितलं.

"ठेव," गुरुजी म्हणाले. "ते बरोबर आहे."

साडेपाच वाजता ते सवयीने उठले, छत्री घेतली आणि दारात जाऊन थांबले. मग परत येऊन बसले. धाकटी म्हणाली, मी सहाला निघते, बरोबरच उतरू. ते बरं म्हणाले.

मी घरी जाण्याआधी तंत्रज्ञाला म्हटलं, सहज बघा, अधाशीला माझ्याबद्दल काय माहीत आहे. त्याने बघितलं. काहीच नव्हतं, कच्चंसुद्धा नाही. सूची करणाऱ्याचं नाव पुस्तकात कुठेच येत नाही, तेव्हा यात नवल काही नव्हतं. तरी त्या संध्याकाळी मी ओट्याशी उभी राहून जेवले नाही. जेवलेच नाही.

पुढच्या बुधवारी फोन वाजला. तंत्रज्ञ होता.

"ताई, तुमच्या नावाची एक नोंद आलीय. एकाच पानावरून, त्या शाळेच्या. गुरुजींनी आपल्या नावाखाली काहीतरी लिहिलंय."

"काय नोंद आहे?"

त्याने वाचून दाखवली. माझं पूर्ण नाव, आणि पुढे, येऊन विचारणारी बाई.

"धाकटीच्या पडद्यावर आहे आत्ता," तो म्हणाला. "ती विचारतेय, 'खरं' दाबू का? खरं तर तुम्हाला विचारायचं नसतं. स्वतःबद्दलची नोंद स्वतः तपासायची नाही."

"मग मला का विचारताय?"

"ती म्हणाली, न विचारता दाबायचं नाही आता कोणाचं."

मी फोन कानाला धरून स्टुलावर बसले. मग म्हटलं, उद्या एक वाजता डबा घेऊन येते, तोपर्यंत कच्चीच राहू द्या.